उणे पाच नंबरचं पोस्टर

अप्पांचा एकट्याचा फोटो आमच्या घरात नव्हता. ते हरवले त्या दिवशी हे कळलं. जो फोटो काढावा त्यात कुणाचा तरी हात त्यांच्या खांद्यावर, नाहीतर त्यांचा कुणाच्या तरी. बस डेपोत टाइमकीपर म्हणून सगळं आयुष्य गेलेला माणूस. गाड्या सोडायच्या, चालकांना हाका मारायच्या, चहा पाजायचा. एकटं उभं राहून फोटो काढून घ्यायला त्यांना सवड कधी झालीच नसावी.

त्यांची आठवण गेली दोन वर्षं विरत चालली होती. आधी नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. शेवटी स्वतःचा चेहरा गेला. आरशासमोरून जाताना ते थांबायचे आणि आतल्या माणसाला म्हणायचे, "या ना, बसा." आई तेवढी शिल्लक होती. ती खोलीतून बाहेर गेली की त्यांची नजर दाराला चिकटून राहायची. त्या सकाळी आई आंघोळीला गेली, अप्पांनी डेपोतली करडी टोपी डोक्यावर घातली आणि ते निघून गेले. चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर तसाच राहिला.

पोलिसांत सांगून झालं, दवाखाने पालथे घालून झाले. दादाने मोटरसायकलवर सगळे बस थांबे पाहिले. मग तो म्हणाला की पोस्टर लावायला हवं, आणि आम्ही दोघं पेंटरकडे गेलो.

पेंटरला सगळे पेंटरच म्हणतात. त्याने ब्रश हातात धरून कित्येक वर्षं झाली असतील. जुने ब्रश एका पत्र्याच्या डब्यात उभे असतात आणि त्यांच्या शेजारी मोठा पडदा असलेला संगणक. अरुंद खोली, मागच्या बाजूला छपाईचं यंत्र, सगळीकडे शाईचा गोडसर वास. माउस मात्र तो अजूनही ब्रशसारखाच चालवतो. केसांच्या कडेने फोटो कापताना श्वास रोखतो आणि कड पूर्ण झाली की सोडतो.

आमचं ऐकून त्याने माउस बाजूला ठेवला. "माझ्याकडे माणूस तीनच कारणांनी येतो," तो म्हणाला. "जन्मला म्हणून, निवडून आला म्हणून, नाहीतर गेला म्हणून. हरवलेला पहिलाच."

आम्ही नेलेला फोटो अप्पांच्या निरोप समारंभाचा होता. टोपी घातलेले अप्पा तोंड भरून हसतायत आणि शेजारच्या कुणाचा तरी जाडजूड हात त्यांच्या खांद्यावर आहे. पेंटरने आधी तो हात पुसला. शर्टाचा बाजूचा तुकडा उचलून हाताच्या जागी बसवला, वरून मऊ ब्रश फिरवला. काही वेळाने त्या खांद्यावर कधी कुणी हात ठेवला होता असं वाटेनासं झालं.

मग अक्षरं. पेंटरची पद्धत अशी, की कुठलंच काम तो कोऱ्या पानापासून सुरू करत नाही. आधीच्या कामाची फाईल उघडायची, जुना फोटो काढून नवा घालायचा, जुनी अक्षरं खोडून नवी लिहायची. अक्षरांची चकाकी, सावली, कडा हे सगळं आयतं लागलेलं असतं. त्याने पहिल्यांदा लाल अक्षरं आणली, त्यांना जाड पिवळी कड. दादा म्हणाला, "हा पळून गेलेला आरोपी वाटतोय." पेंटरने ती काढून सोनेरी अक्षरं आणली. त्यांच्यावरून उजेडाची तिरीप गेल्यासारखी दिसत होती. दादा म्हणाला, "आणि आता लग्नाला उभा आहे."

दादा एरवी इतका चिकित्सक नाही. पण लोक अप्पांना वेडा म्हणतील, रस्त्यावरचा म्हणतील, ही भीती त्याला दोन वर्षांपासून होती आणि आता तर त्यांचं तोंड चौकाचौकात लागणार होतं. "साधं करा," तो पेंटरला म्हणाला. "पण भारदस्त. बघणाऱ्याला कळायला हवं की हा चांगल्या घरचा माणूस आहे."

पेंटरने फायली चाळल्या आणि एक उघडली. ती कुणाची होती हे मी विचारलं नाही. मापं बरोबर बसत होती.

त्यानंतर जे जे झालं त्याला कारण होतं. सभागृहातल्या ट्यूबलाइटने अप्पांचा चेहरा हिरवट आला होता, म्हणून फोटोतले रंग काढून टाकले. हात पुसल्याची जागा खालून थोडी दिसत होती, म्हणून फोटोची कड काळ्यात विरघळवली. करडी टोपी त्या काळ्यात बुडायला लागली, तेव्हा मी बोलले. भौतिकशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती आणि प्रकाशशास्त्र हा माझा आवडीचा विषय. मी म्हटलं की टोपीच्या कडेला उजेड-अंधारातला फरक कमी पडतोय, डोळ्याला आकार सापडणार नाही. पेंटर म्हणाला, "ताईंचं बरोबर आहे," आणि त्याने डोक्यामागे मऊ पांढरा ग्लो दिला. टोपी एकदम उठून आली. खाली पांढऱ्या अक्षरांत, हलक्या सावलीसकट, 'हरवले आहेत', त्याखाली वर्णन आणि दादाचा फोन नंबर.

दादा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "हे अप्पांना शोभतं," तो म्हणाला.

छापलेलं पहिलं पोस्टर मी दुकानाबाहेर लावायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून वाचलं. अक्षर न् अक्षर वाचता आलं. दादा म्हणाला, "झाली का परीक्षा, शास्त्रज्ञबाई?" मी म्हटलं, झाली.

आईला घरी नेऊन दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, "खांद्यावरचा हात का काढलात?"

पोस्टरं लागली आणि फोन यायला लागले. बहुतेक फोन ओळखीच्यांचे होते, आणि ते विचित्र होते. फार वाईट झालं, असं म्हणायचे, थोडा वेळ श्वास ऐकू यायचा, मग काळजी घ्या म्हणून ठेवून द्यायचे. कुठे शोधलंत, कधीपासून दिसत नाहीत, हे कुणी विचारत नव्हतं. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी अप्पांची शिडी नेली होती. ती मागून मागून आम्ही थकलो होतो. ती शिडी आपणहून परत आली. त्यांनी ती भिंतीला टेकवली, मान खाली घातली आणि एक शब्द न बोलता गेले. आई म्हणाली की माणसावर वेळ आली की लोक सुधारतात. मलाही ते पटलं. आता आठवलं की हसू येतं.

पोस्टरं जागेवर आहेत ना, वाऱ्याने कोपरे सुटले नाहीत ना, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. खळीचा डबा आणि ब्रश पिशवीत घेऊन मी फिरायचे. जुन्या बाजाराच्या थांब्यासमोर एक केशकर्तनालय आहे. त्याच्या शेजारच्या भिंतीवरच्या पोस्टरचा कोपरा मी चिकटवत होते, तेव्हा सलूनवाला दारात आला. हातात कंगवा आणि कात्री. वडील का, म्हणून त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

"चांगले होते का हो फार?"

"होते नाही," मी म्हटलं. "आहेत. हरवलेत."

तो पोस्टरकडे वळला. मी त्याचे ओठ हलताना पाहिले. तो अक्षरं आत्ता वाचत होता. रोज सकाळी दुकान उघडताना, रोज संध्याकाळी बंद करताना ते पोस्टर त्याच्यासमोर होतं, आणि त्याने ते आत्ता वाचलं.

मग तो म्हणाला की काल सकाळी एक माणूस इथे येऊन उभा राहिला होता. हुबेहूब असाच, फक्त दाढी वाढलेली. त्याला वाटलं, गेलेल्याचा भाऊ असेल.

"पोस्टरसमोर आला आणि टोपी काढली त्याने. छातीशी धरून उभा राहिला. चांगला बराच वेळ. मी म्हटलं, काका, बसा खुर्चीत. तर मलाच विचारतो, कोण गेलं? मी म्हटलं, ठाऊक नाही बुवा. तर म्हणाला, आपल्या डेपोतला दिसतोय."

डेपोत कुणी वारलं की सगळे फाटकापाशी जमून टोप्या काढत. लहानपणी मी ते पाहिलं होतं. अप्पा सगळ्यांत पुढे असायचे आणि टोपी सगळ्यांत शेवटी घालायचे.

मग काय झालं, मी विचारलं. मग बस आली, सलूनवाला म्हणाला. कुठली ते त्याने पाहिलं नव्हतं. आत गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर होतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला की त्याला काय माहीत. खरंच, त्याला काय माहीत. मी त्याला नंबर दिला, पुन्हा दिसले तर धरून ठेवा म्हटलं, आणि अप्पा जिथे उभे राहिले असं तो म्हणाला तिथे जाऊन उभी राहिले.

मग मी चष्मा काढला. माझा नंबर अप्पांवरच गेलाय. दोघांचाही उणे पाच.

अक्षरं नव्हतीच. काळ्या चौकटीत एक करडा चेहरा, खालून अंधारात विरघळत चाललेला, आणि डोक्यामागे शांत पांढरा उजेड. जगात कुठेही, कुठल्याही भिंतीवर असं चित्र लागलं, तर ते कशाचं असतं हे सांगायला अक्षरं लागत नाहीत.

दादाला फोनवर सांगितलं. तो आधी त्या थांब्यावरून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या मागे धावला, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आला. तिथे कुणाला काही आठवत नव्हतं. मग तो पोस्टरं काढायला लागला. पण ती मी लावली होती आणि मी काम नीट करते. खळ अशी घट्ट धरली होती की कागद सलग निघेना. नखांनी खरवडून त्याने एका भिंतीवरचा चेहरा काढला, तर डोक्यामागचा पांढरा गोल तेवढा उरला. आम्ही त्याकडे बघत राहिलो. दादाच्या नखांतून रक्त येत होतं. तो म्हणाला, "मीच म्हटलं ना, भारदस्त करा म्हणून." मी म्हटलं, ग्लो मी मागितला. मग आम्ही खरवडणं सोडून पेंटरकडे निघालो. यात कुणी जिंकण्यासारखं काही नव्हतं.

पेंटरने सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकला. ती फाईल कुणाची होती ते त्याने तेव्हा सांगितलं. एका शाळामास्तरांची, गेल्या उन्हाळ्यात वारलेल्या. अक्षरं बदलली की काम बदललं, असं तो आजवर धरून चालला होता. "मला दिसलंच नाही," तो म्हणाला. "रोज तेच करतो ना."

मी काय पाहिलं ते मला दादाला आणि पेंटरला दाखवायचं होतं. दोघांचे डोळे चांगले, त्यामुळे चष्मा काढून भागणार नव्हतं. मी हिशेब मांडला. डोळ्याची बाहुली साधारण तीन मिलिमीटर, नंबर उणे पाच, भिंत तीन मीटरवर. अशा डोळ्याला भिंतीवरचा प्रत्येक ठिपका चार सेंटिमीटरचा गोल होऊन दिसतो. आमच्या पोस्टरवरचं सगळ्यांत मोठं अक्षर तेवढंच होतं. मी पेंटरला म्हटलं की फोटोचे आणि अक्षरांचे सगळे लेअर एकत्र करा आणि एवढा ब्लर द्या. त्याने पट्टी सरकवली. 'हरवले आहेत' आधी फुगलं, मग वितळलं, मग एक पांढरट पट्टा झालं, आणि मग तोही गेला. ग्लो राहिला.

"बंद कर," दादा म्हणाला.

लोकांसाठीचं पोस्टर लगेच झालं. कोरी पिवळी पार्श्वभूमी, काळी ठोकळ्यासारखी अक्षरं, मूळ रंगीत हिरवट फोटो, खांद्यावरच्या हातासकट. पेंटर मध्येच सवयीने सावलीच्या बटणाकडे जायचा आणि हात मागे घ्यायचा. पण हे पोस्टर अप्पांसमोर आलं तरी काय होणार, हा प्रश्न तिघांच्याही मनात होता. ते समोर उभे राहतील आणि म्हणतील, या ना, बसा.

उत्तर आईने दिलं. आम्ही तिला टोपीचं सांगणार नव्हतो, पण दादाचा फोन घरी चार्जिंगला राहिला होता, त्यावर सलूनवाल्याचा फोन आला, तो आईने उचलला आणि त्याने बिचाऱ्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. आम्ही घरी आलो तेव्हा ती अप्पांचा चष्मा पुसत बसली होती.

"यांना आपला चेहरा ओळखू येत नाही," ती म्हणाली. "माझा येतो. माझा फोटो लावा."

दादा म्हणाला की आई, हरवले अप्पा आणि फोटो तुझा, लोक काय समजतील. ती म्हणाली, "लोकांचं तुम्ही केलंत ना पोस्टर? हे यांच्यासाठी."

फोटो मी दारात काढला. रंग ब्लरमध्ये टिकायला हवा होता, म्हणून तिला कपाटातली हळदी रंगाची शाल अंगभर घ्यायला लावली. तो एवढा मोठा रंगाचा तुकडा कितीही धूसर केला तरी पिवळाच राहणार होता. शाल अप्पांनीच आणलेली, खूप भडक म्हणून तिने कधी न वापरलेली. अक्षरांचंही गणित होतं. अप्पांना वाचता यायला अक्षर निदान वीस सेंटिमीटर हवं, म्हणजे आख्ख्या पोस्टरवर दोन-तीन शब्द मावतात. दादाने सुचवलं, 'अप्पा, घरी या.' आई म्हणाली, अप्पा कोण हे त्यांना कुठे आठवतंय. तिने आयुष्यात नवऱ्याला ज्या एका शब्दाने हाक मारली होती, तोच तिने सांगितला.

पेंटरने तो टाइप केला आणि वाचला. 'अहो, घरी या.'

"गावातले सगळे नवरे थांबतील, काकू," तो म्हणाला.

"थांबू देत," आई म्हणाली. "त्यातला एक माझा असेल."

पेंटरने अक्षरांना कसला इफेक्ट द्यायचा ते विचारलं नाही. काळी अक्षरं पिवळ्या शालीवर आईच्या चेहऱ्याखाली ठेवली, मला ब्लर देऊन दाखवलं. चेहरा गेला, शाल राहिली, शब्द अंधुक पण वाचता येत होते. लोकांसाठीची पोस्टरं चौकांत गेली. ही आम्ही थांब्यांवर अप्पांच्या डोळ्यांच्या उंचीला लावली, जुन्या पोस्टरांवर, चारही कडा नीट दाबून.

पुन्हा फोन यायला लागले. या पोस्टरांवर खाली बारीक अक्षरांत आईचा नंबर होता. लोक विचारायचे, ही कशाची जाहिरात आहे. कुणाला ती खानावळ वाटली, कुणाला विमा. एका बाईने विचारलं की शाल कुठे मिळते. एकाने नुसतंच, "येतो हं," म्हणून हसत ठेवून दिला. आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते: वय, उंची, करडी टोपी, जुन्या बाजाराच्या थांब्यावर दिसले होते. हसणारा गप्प होतो, बघतो म्हणतो. काही जण खरंच बघतात. तीन माणसं आजवर धरून ठेवली गेली. दादा तिन्ही वेळा धावत गेला आणि तिन्ही वेळा कुणा दुसऱ्याच्याच हरवलेल्या वडिलांना नाहीतर आजोबांना त्यांच्या घरी सोडून आला.

उकाडा वाढलाय. आई घरात असो की दारात, शाल काढत नाही. मी एकदा म्हटलं की अगं, पोस्टरपुरती होती ती. ती म्हणाली, "ते येतील ते पोस्टर बघून. दारात दुसरीच बाई दिसली तर परत फिरतील." तिचं बरोबर होतं. मी जो हिशेब भिंतीपर्यंत केला होता, तो तिने दारापर्यंत आणला होता.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की ती फाटकाशी येऊन उभी राहते. काल मी पेंटरकडून परतत होते. कोपऱ्यावर थांबले आणि चष्मा काढून घराकडे पाहिलं. फाटक दिसत नाही, आईचा चेहरा दिसत नाही. पण पिवळं काहीतरी तिथे उभं आहे, एवढं दिसतं.